गोळे कुठल्या प्रथिनाचे? खुब्याच्या ऑपरेशननंतर ताठरलेल्या एका रुग्णाचं प्रकरण

स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आला की नातेवाईक विचारतात, "अल्झायमर आहे का?" पुष्कळदा असतोही. पण मेंदूच्या पेशी हळूहळू मरण्याच्या आजारांत कोणतं प्रथिन चुकीची घडी पडून, गोळे होऊन साठतंय, यावर रुग्णाचं पुढचं बरंच काही ठरतं. साठलेलं प्रथिन काढून टाकणारं औषध बहुतेकांसाठी आज हाताशी नाही. तरी ते कोणतं, याचा अंदाज वेळेवर बांधला तर रुग्णाला काय द्यायचं नाही हे कळतं. खालचं प्रकरण लुई बॉडी डिमेन्शिया या स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकाराचं आहे, आणि त्यात तो अंदाज उशिरा बांधला गेला. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

रुग्णाला आण्णा म्हणू. वय ७१, एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त, सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी राहतात. घरी पत्नी, त्यांना काकू म्हणू. मुलगी त्याच गावात दिलेली, मुलगा पुण्याला आयटीत.

आजार कधी सुरू झाला, याचं घरच्यांचं उत्तर "दोन वर्षांपासून" असं होतं. काकूंना शांतपणे बसवून विचारलं तेव्हा गोष्ट फार मागे गेली. आण्णा निवृत्तीच्या आधीपासूनच झोपेत ओरडायचे, हातवारे करायचे, लाथा झाडायचे. "स्टँडवरची भांडणं अजून मिटली नाहीत," म्हणून घरात हशा व्हायचा. एकदा झोपेतच काकूंच्या दंडावर जोराचा ठोसा बसला, तेव्हापासून त्या खाली वेगळं अंथरूण घालायला लागल्या. बद्धकोष्ठ इतकं जुनं की रोज रात्रीचं इसबगोल हा घरातला नियमच झाला होता. शिवाय वास येणं बंद. एकदा गॅसवर दूध करपून पातेलं काळं झालं, घरभर धूर झाला, तरी शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेल्या आण्णांना पत्ता नव्हता. घरच्यांनी खापर कमी ऐकू येण्यावर फोडलं.

यातली एकही गोष्ट कुठल्याही केसपेपरवर नव्हती. कोणी विचारलं नाही आणि घरच्यांना हे आजाराचं वाटलं नाही.

पुढे चाल मंदावली. उठून उभं राहिलं की चक्कर यायची, पोट फुगायचं. चक्कर येते म्हणून एकाने सिनारिझिन दिलं. गॅस होतो म्हणून दुसऱ्याने पॅन्टोप्राझोल आणि लेव्होसल्पिराइड असलेली कॅप्सूल दिली, ती पुढे मेडिकल दुकानातून आपोआप चालू राहिली. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन होतं. रक्तदाबाच्या दोन गोळ्या आधीपासूनच होत्या. प्रत्येक औषध वेगळ्या ठिकाणाहून आलेलं, आणि सगळी एका कागदावर लिहिलेली कुठेच नव्हती.

मग मुलं दिसायला लागली. संध्याकाळी ओसरीवर तीन-चार लहान मुलं, शाळेच्या गणवेशात, गप्प बसलेली. आण्णांना त्यांची भीती वाटत नव्हती. "त्यांना शेंगदाणे-गूळ दे की," असं ते काकूंना सांगायचे. शेजारणी म्हणाल्या, बाहेरचं काहीतरी आहे. एक ताईतही बांधून झाला. ताईताने निदान अपाय तरी केला नाही. पुढे ज्या गोष्टींनी केला त्या सगळ्या औषधाच्या दुकानातून आलेल्या होत्या.

घरच्यांना सगळ्यात बुचकळ्यात टाकत होता तो चढउतार. एखाद्या दिवशी आण्णा अक्कलकोट, पंढरपूर, बार्शीच्या गाड्यांच्या वेळा फलाटासकट सांगायचे. दुसऱ्या दिवशी शर्टाचं बटण लागायचं नाही, समोर बसून तासभर शून्यात बघत राहायचे. "नाटक करत्यात," असं एका नातेवाइकाचं मत पडलं. एमआरआयच्या अहवालात वयोमानानुसार मेंदू आक्रसल्याचं लिहिलं होतं. कागदावर निदान 'वार्धक्यातला स्मृतिभ्रंश' असं झालं आणि विषय तिथे थांबला.

घटना

पहाटे लघवीला उठताना आण्णा पडले आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. जवळच्या शहरातल्या एका खासगी रुग्णालयात कमरेतून भूल देऊन ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम झालं, त्याबद्दल कोणाचीच तक्रार नाही.

दुसऱ्या रात्री आण्णा बिथरले. सलाईन उपसलं, लघवीची नळी ओढली, "गाडी सुटली, मला खाली जाऊ द्या" म्हणून पलंगावरून उतरायला लागले. वॉर्डात मुलं दिसत होती, आणि आता ती आजूबाजूच्या रुग्णांच्या अंगावर चढत होती. ताजा जोडलेला खुबा, भरलेला वॉर्ड, रातपाळीला एक निवासी डॉक्टर. त्यांनी रुग्ण शांत व्हावा म्हणून हॅलोपेरिडॉलचं ५ मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं. दोन तासांनी फरक पडला नाही म्हणून तेवढंच आणखी एकदा.

सकाळी आण्णा शांत होते. नऊच्या सुमारास मुलीने चहा पाजायचा प्रयत्न केला, तो ओठांच्या कडेने बाहेर आला. हात उचलून सोडला तर हवेतच राहत होता. डोळे उघडे, पण नजर लागत नव्हती. दुपारपर्यंत ताप १०१ फॅरनहाइट, घाम आणि नाडी जलद. संध्याकाळी ताठरपणा कमी व्हावा म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी पाण्यात विरघळवून दिली गेली. रात्री आण्णा पूर्ण गोंधळलेले आणि लघवी तुंबलेली. तिसऱ्या दिवशी आमच्या टीमला बोलावणं आलं.

पहिला निर्णय: हे नेमकं काय?

ऑपरेशननंतर ताप आणि बेशुद्धीकडे झुकणारा रुग्ण म्हटल्यावर यादी लांब असते. फुप्फुसात गेलेली रक्ताची गुठळी, हाडातल्या चरबीचे कण, पक्षाघात, न्यूमोनिया, लघवीतला जंतुसंसर्ग, सोडियम घसरणं. ही यादी सोडून थेट मेंदूच्या दुर्मीळ आजाराकडे उडी मारणं धोक्याचं, म्हणून आधी तेच तपासलं. सीटी स्कॅनमध्ये नवं काही नव्हतं. सोडियम कमी निघालं, लघवीत संसर्ग होता. दोन्हींवर उपचार लगेच सुरू केले.

पण सोडियम आणि संसर्गाने माणूस गोंधळतो, असा ताठरत नाही. मनोविकारावरच्या औषधांनी होणारा, ताप आणि ताठरपणा आणणारा जीवघेणा न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम डोक्यात होता. स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं सीपीके वाढलेलं होतं. मात्र ऑपरेशनमुळे आणि स्नायूत दिलेल्या इंजेक्शनांमुळेही ते वाढतं, त्यामुळे त्या आकड्यावर फार भरवसा ठेवता येत नव्हता.

वळण आलं ते मुलीच्या एका वाक्याने. "मुलं तर घरीपण दिसायची की, डॉक्टर. पण घरी आण्णा असे कधीच कडक झाले नव्हते." तिथून मागे मागे विचारत गेलो आणि वर पार्श्वभूमीत लिहिलेलं सगळं एकेक करून बाहेर आलं. झोपेतली मारामारी, वास, पोट, चढउतार, मुलं. लुई बॉडी डिमेन्शियाचं चित्र याहून स्पष्ट क्वचितच मिळतं.

मेंदूत काय चाललं होतं

हा भाग थोडा सविस्तर लिहितो, कारण पुढचे सगळे निर्णय यावर उभे आहेत.

१९१२ मध्ये फ्रिट्झ हाइन्रिश लुई या जर्मन डॉक्टरांनी कंपवाताच्या (पार्किन्सनच्या) रुग्णांच्या मेंदूत, चेतापेशींच्या आत, गोल गोळे पाहिल्याचं नोंदवलं. त्यांनाच लुई बॉडी म्हणतात. जपानमध्ये केंजी कोसाका यांनी १९७६ पासून दाखवायला सुरुवात केली की असेच गोळे मेंदूच्या बाह्य थरात पसरले तर स्मृतिभ्रंश होतो. ते कशाचे बनले आहेत हे मात्र १९९७ मध्ये कळलं. प्रथिनाचं नाव अल्फा-सिन्यूक्लीन. अल्झायमरमध्ये पेशींच्या बाहेर बीटा-अमिलॉइडचे थर आणि पेशींच्या आत टाऊचे गुंते असतात. लुई बॉडी डिमेन्शिया आणि कंपवात हे दोन्ही अल्फा-सिन्यूक्लीनचे आजार.

हे प्रथिन मुळात शत्रू नाही. १४० अमिनो आम्लांची ही साखळी चेतातंतूच्या टोकाशी असते आणि संदेश वाहणाऱ्या रसायनांच्या पुटकुळ्यांच्या कामात तिचा हात असतो. तिला स्वतःची पक्की घडी नसते, आणि गोची तिथेच आहे. काही रेणू चुकीच्या, चपट्या घडीत अडकतात, एकमेकांना चिकटतात आणि शेजारच्या निरोगी रेणूंनाही त्याच घडीत ओढतात. चमचाभर विरजणाने पातेलंभर दूध लागावं तसं. कंपवाताच्या काही रुग्णांच्या मेंदूत गर्भाच्या चेतापेशींचं रोपण केलं होतं. दहा-पंधरा वर्षांनी त्या नव्या, तरुण पेशींतही लुई बॉडी सापडल्याचं २००८ मध्ये जाहीर झालं, तेव्हा पेशीतून पेशीत पसरण्याच्या या कल्पनेला मोठं बळ मिळालं. नुसतं प्रमाण वाढलं तरी भागतं: या प्रथिनाच्या जनुकाच्या जादा प्रती असलेल्या कुटुंबांत आजार कमी वयात आणि जोरात येतो.

पण विषारी नक्की काय? सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा मोठा गोळा हाच गुन्हेगार, असं सरळ म्हणता येत नाही. थोड्याच रेणूंचे छोटे, विरघळलेले पुंजके जास्त घातक असावेत असा बराच पुरावा आहे. ते पेशीच्या पडद्याला इजा करतात, ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांना बाधा आणतात, आणि पेशीची कचरा काढण्याची यंत्रणा तुंबवतात. २०१९ च्या एका अभ्यासात लुई बॉडीच्या आत प्रथिनांच्या जोडीला पडद्यांचे तुकडे आणि मोडके पेशीभाग मोठ्या प्रमाणात दिसले. मोठा गोळा ही पेशीने स्वतःला वाचवण्यासाठी केलेली आवराआवरही असू शकेल. शिवाय मेंदूत असे साठे असूनही मरेपर्यंत ठणठणीत राहिलेली माणसं शवविच्छेदनात सापडतात.

आण्णांच्या इतिहासाचा क्रम मात्र या प्रथिनाच्या वाटेशी चांगला जुळतो. हाइको ब्राक आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलेल्या टप्प्यांनुसार कंपवातातला साठा सुरुवातीला वासाच्या केंद्रात आणि आतड्यांकडे जाणाऱ्या व्हेगस चेतेच्या केंद्रात दिसतो, मग मेंदूच्या देठात वर सरकतो. स्वप्न पडत असताना शरीर लुळं ठेवणारी यंत्रणा त्याच देठात आहे. ती बिघडली की माणूस स्वप्नातलं भांडण अंथरुणात भांडतो. या झोपेच्या विकाराच्या १,२८० रुग्णांचा पाठपुरावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार बारा वर्षांत जवळजवळ तीन चतुर्थांश रुग्णांना कंपवात किंवा स्मृतिभ्रंशाच्या गटातला आजार होण्याचा अंदाज निघाला. प्रत्येक रुग्णात हाच क्रम असेल असं नाही, पण आण्णांमध्ये तो जवळजवळ पाठ्यपुस्तकातला होता.

आता हॅलोपेरिडॉल. डोपामाइन हे हालचाल सुरळीत ठेवणारं मेंदूतलं रसायन. ते पेशींवर जिथे पकडलं जातं त्या जागाच हॅलोपेरिडॉल अडवतं. निरोगी माणसाकडे डोपामाइनचा साठा भरपूर असतो, त्यामुळे तो निभावून नेतो. या आजारात डोपामाइन बनवणाऱ्या पेशी आधीच घटलेल्या असतात, आणि जे थोडं उरलंय तेही अडवलं की माणूस जागच्या जागी गोठतो. १९९२ मध्ये न्यूकॅसलच्या संशोधकांनी याची स्पष्ट नोंद केली होती. असं औषध मिळालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना गंभीर प्रतिक्रिया येते आणि काही दगावतात. दुसरी उणीव ॲसिटिलकोलीनची, म्हणजे लक्ष आणि आठवणीसाठी लागणाऱ्या रसायनाची. ती या आजारात अल्झायमरपेक्षाही जास्त असू शकते. ट्रायहेक्सिफेनिडिल नेमकं तेच रसायन अडवतं. म्हणजे आण्णांच्या मेंदूत ज्या दोन गोष्टींचा दुष्काळ होता, त्या दोन्हींवर लागोपाठच्या दिवशी कुलूप लावलं गेलं.

काय केलं

हॅलोपेरिडॉल आणि ट्रायहेक्सिफेनिडिल बंद. त्याच दिवशी मुलीकडून घरची औषधांची पिशवी मागवली. पिशवीत लेव्होसल्पिराइडची कॅप्सूल निघाली आणि सिनारिझिन निघालं. दोन्ही डोपामाइनच्या आड येणारी, दोन्ही दीड वर्ष चालू. चाल मंदावण्यात त्यांचा वाटा असणार. कॅप्सूल 'गॅसची' म्हणून घरी कोणी ती औषधांत धरतच नव्हतं.

सलाईनने पाण्याची भरपाई, ताप उतरवणं, सोडियम सावकाश वर आणणं, नाकातून नळी घालून अन्न. कूस बदलणं आणि फिजिओथेरपी पहिल्या दिवसापासून.

लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत गेल्यावर ज्याचं डोपामाइन बनतं ते औषध, द्यायचं का, यावर आमच्यातच दोन मतं होती. ताठरपणा उतरेल, पण भास भडकतील ही भीती. आण्णांना गिळता येत नव्हतं आणि पाठीवर लाली दिसायला लागली होती. अशा अवस्थेत हालचाल परत येणं जास्त तातडीचं वाटलं. अर्धी-अर्धी गोळी नळीतून, दुधाच्या फीडच्या बऱ्याच आधी, कारण अन्नातली प्रथिनं त्याचं शोषण अडवतात. चौथ्या-पाचव्या दिवशी बोटं हलायला लागली. आठवड्याने आण्णांनी काकूंना नावाने हाक मारली.

तब्येत स्थिरावल्यावर ईसीजी बघून रिव्हास्टिग्मिनची पट्टी लावली, आधी ४.६ मिलिग्रॅमची, महिन्याने ९.५ ची. हे औषध ॲसिटिलकोलीन टिकवतं आणि या आजारातल्या भासांवर व लक्ष लागण्यावर त्याचा उपयोग २००० मधल्या चाचणीत दिसला होता. नाडी फार मंद असेल तर ते जपून द्यावं लागतं, म्हणून आधी ईसीजी.

चक्करीचा उलगडा फार साधा निघाला. झोपून रक्तदाब १४८/८४, उभं केल्यावर तीन मिनिटांनी १०२/६०. वरचा आकडा २० ने घसरला तरी तो दोष धरतात, इथे ४६ ने. या आजारात रक्तदाब सांभाळणारी स्वयंचलित चेतासंस्थाही बिघडते, त्यात टॅमसुलोसिन आणि रक्तदाबाच्या दोन गोळ्या. एक गोळी बंद केली, एक कमी केली, पलंगाचं डोकं उंच केलं, बसून-थांबून उठायला शिकवलं. पहाटे पडण्याचं कारण यातच होतं, असं मला वाटतं. मोजायला लागतात पाच मिनिटं आणि एक पट्टा.

दुसरा निर्णय: तपासण्या किती?

मुलगा पुण्याहून यादी घेऊन आला होता. डोपामाइन बनवणाऱ्या पेशींच्या टोकांचं चित्र दाखवणारा ट्रोडॅट स्कॅन, अमिलॉइड पेट स्कॅन, जनुकांची तपासणी, परदेशात सुरू झालेली त्वचेच्या तुकड्यातून अल्फा-सिन्यूक्लीन शोधण्याची चाचणी.

२०१७ च्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे स्मृतिभ्रंशाबरोबर चार मुख्य लक्षणांपैकी दोन असली की 'बहुधा लुई बॉडी डिमेन्शिया' असं म्हणता येतं: लक्ष आणि भानातले चढउतार, पुन्हा पुन्हा होणारे दृश्य भास, झोपेतला तो विकार, आणि आपसूक आलेली कंपवाताची लक्षणं. आण्णांमध्ये चौथं मोजता येत नव्हतं, कारण लेव्होसल्पिराइडने तीच लक्षणं उभी राहतात आणि ती ओसरायला काही महिने लागू शकतात. उरलेली तीन ठळक होती. स्कॅन काहीही म्हणाला असता तरी उपचार तेच राहणार होते, म्हणून ट्रोडॅट टाळला. तीन नसती, एखादंच असतं, तर मी त्यांना स्कॅनसाठी नक्की पाठवलं असतं.

एक तपासणी मात्र कागद-पेन्सिलीची. घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. आण्णांनी गोल छान काढला. मग १ ते १२ सगळे आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसवले, डावी बाजू मोकळी. काटे काढायला पेन्सिल टेकवली आणि तशीच धरून ठेवली. "गाडी अकरा दहाचीच आहे," तोंडाने म्हणाले, म्हणजे वेळ कळली होती. आठवण बऱ्यापैकी शाबूत आणि जागेचं, आकाराचं भान कोसळलेलं. अल्झायमरच्या सुरुवातीला बहुतेक वेळा हे उलटं असतं. ज्या माणसाने बत्तीस वर्षं घड्याळावर गाड्या सोडल्या, त्याचा तो कागद बघून मुलाने स्कॅनची यादी खिशात घातली.

तिसरा निर्णय: गोळे काढणारं औषध

मुलाचा खरा प्रश्न पुढे आला. "सर, अमेरिकेत मेंदूतलं प्रथिन साफ करणारं इंजेक्शन आलंय. पैशाचं बघू, पण आण्णांना ते चालेल का?"

तो लेकॅनेमॅबबद्दल बोलत होता. ही प्रतिपिंडं बीटा-अमिलॉइडवर जातात. १,७९५ रुग्णांच्या चाचणीत अठरा महिन्यांत आजाराची घसरण २७ टक्क्यांनी मंदावली आणि जुलै २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला पूर्ण मान्यता मिळाली. त्या २७ टक्क्यांचा अर्थ मी त्याला असा सांगितला की १८ गुणांच्या मापावर दोन गटांतला फरक ०.४५ गुणांचा होता. फरक खरा आहे, पण गेलेलं परत येत नाही. औषध घेतलेल्या सुमारे आठातल्या एकाच्या मेंदूच्या चित्रात सूज दिसली, म्हणून वरचेवर एमआरआय लागतो.

आण्णांसाठी अडचण याहून मूलभूत होती. त्यांचं मुख्य प्रथिन अमिलॉइड नव्हतंच. इथे थोडी गुंतागुंत आहे आणि ती मुलापासून लपवली नाही: लुई बॉडी डिमेन्शियाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत अमिलॉइडही सापडतं. म्हणजे पेट स्कॅन 'पॉझिटिव्ह' आला असता आणि मोह वाढला असता. पण ती औषधं अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांवर तपासलेली आहेत, आण्णांसारख्यांवर नाही. आणि अल्फा-सिन्यूक्लीनवर नेम धरणाऱ्या दोन प्रतिपिंडांच्या चाचण्या, प्रासिनेझुमॅब आणि सिनपॅनेमॅब, कंपवाताच्या सुरुवातीच्या रुग्णांवर झाल्या. दोन्हींचे निकाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि दोन्हींत मुख्य उद्दिष्ट साधलं नाही.

मुलाला हे पटायला दोन बैठका लागल्या. पैसे वाचल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर नव्हता, आणि मी तशी अपेक्षाही केली नव्हती. काही करता येण्यासारखं असताना केलं नाही, ही रुखरुख नातेवाइकांना फार छळते. त्याला काम हवं होतं, म्हणून कार्डाचं काम त्याच्याकडे दिलं.

कार्ड असं: एका बाजूला निदान आणि मुलीचा फोन. दुसऱ्या बाजूला 'देऊ नये' म्हणून हॅलोपेरिडॉल, ओलान्झापिन, रिस्पेरिडोन, मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन, लेव्होसल्पिराइड, सिनारिझिन, फ्लुनारिझिन, ट्रायहेक्सिफेनिडिल, प्रोमेथाझिन. मराठी आणि इंग्रजी दोन्हींत. एक आण्णांच्या खिशात, एक काकूंच्या पिशवीत, एक फोटो सगळ्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर.

चौथा निर्णय: मुलांना घालवायचं का?

घरी गेल्यावर ओसरीवरची मुलं परत आली, आधीपेक्षा कमी. क्वेटियापिनची अगदी लहान मात्रा हा पर्याय खुला होता. हॅलोपेरिडॉलच्या गटातलं ते त्यातल्या त्यात कमी धोक्याचं, पण पूर्ण निर्धोक नाही. मी आण्णांनाच विचारलं, "काका, ती पोरं त्रास देतात का?" म्हणाले, "नाही. गप असत्यात." मग औषध कशाला? काकूंना एवढंच सांगितलं की वाद घालू नका आणि खोटं होही म्हणू नका. संध्याकाळी ओसरीवर मोठा दिवा, खुंटीवरचे कपडे आतल्या खोलीत, चष्म्याचा नंबर नवीन. मोतीबिंदूही होता, तो पुढे काढला. झोपेतल्या मारामारीसाठी मेलाटोनिन, आणि पलंग भिंतीला लावून बाजूला जमिनीवर गादी.

पुढे काय झालं

सहा आठवड्यांनी आण्णा वॉकर धरून अंगणात आले. तीन महिन्यांनी चाल फ्रॅक्चरच्या आधीच्यापेक्षा बरी होती. त्याचं श्रेय लेव्होडोपाला किती आणि कॅप्सूल बंद होण्याला किती, हे वेगळं काढता येणार नाही. चढउतार राहिले. काकूंनी चांगल्या तासांची नोंद ठेवून आंघोळ, दाढी, बँकेची सही अशी कामं त्या तासांत बसवली.

वर्षभराने पित्ताशयाच्या दुखण्याने उलट्या सुरू झाल्या आणि रात्री दुसऱ्याच एका दवाखान्यात न्यावं लागलं. मेटोक्लोप्रामाइडची सिरिंज भरलेली असताना मुलीने कार्ड पुढे केलं. तिथल्या डॉक्टरांनी ते वाचलं, सिरिंज बाजूला ठेवली आणि ऑन्डान्सेट्रॉन दिलं.

वेगळं काय करता आलं असतं

रातपाळीच्या डॉक्टरांना दोष द्यायला मला जीभ रेटत नाही. ऑपरेशननंतरच्या भ्रमात हॅलोपेरिडॉल ही प्रचलित वाट आहे. त्यांच्यासमोरच्या केसपेपरवर 'स्मृतिभ्रंश' एवढाच शब्द होता. तरी मात्रा फार होती. वयस्क माणसात अर्ध्या मिलिग्रॅमपासून सुरुवात केली असती तर धक्का बहुधा कमी बसला असता. त्याआधी नळी काढता येते का, वेदना किती, सोडियम किती हे बघायला हवं होतं, आणि मुलीला उशाशी बसू द्यायला हवं होतं. ती बाहेरच्या बाकावर होती.

खरी संधी त्याच्या कितीतरी आधी गेली. भूल देण्याआधीच्या तपासणीत साखर, हृदय, रक्त सगळं पाहिलं जातं. सत्तरीपुढच्या, स्मृतिभ्रंश लिहिलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाला तिथेच तीन प्रश्न विचारले असते: नसलेली माणसं-जनावरं दिसतात का, झोपेत हातपाय झाडतात का, कधी एकदम चांगले आणि कधी एकदम बिघडलेले असतात का. उत्तरं तीनही 'हो' आली असती. आम्ही आता ओळखीच्या अस्थिरोग आणि भूलतज्ज्ञांना हे प्रश्न त्यांच्या फॉर्मवर छापायला सांगतो. काहींनी छापले आहेत.

त्याच्याही आधी, चक्करीची गोळी लिहिताना उभं करून रक्तदाब घेतला असता तर कदाचित खुबाच मोडला नसता. आणि 'गॅसची' कॅप्सूल महिनोन्महिने चिठ्ठीशिवाय मिळत राहते, हा प्रश्न एका रुग्णापुरता नाही. म्हाताऱ्या माणसाची चाल मंदावली की त्याची औषधांची पिशवी उलटी करून बघणं, हे कुठल्याही स्कॅनच्या आधीचं काम आहे.

सध्याची स्थिती

निदानाला दोन वर्षं होत आली. आण्णा आता बहुतेक वेळ खुर्चीत असतात. पाणी पिताना ठसका लागतो, म्हणून पेज, ताक, भाकरी कुस्करून असं घट्टसर अन्न चालू आहे. मुलाला पोटातून नळी टाकून घ्यावीशी वाटते. प्रगत स्मृतिभ्रंशात अशा नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं दिसलेलं नाही, हे मी दोघा भावंडांना सांगितलं आहे. मुलगी हाताने भरवायलाच तयार आहे. काकू अजून काही बोललेल्या नाहीत. पुढच्या महिन्यात मुलगा येईल, तेव्हा आण्णांचा एखादा चांगला तास बघून त्यांनाही विचारायचं आहे.